अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स : लेकीला मोलकरणीचं काम मिळालंय (नाटकाचा शेवट फुटलाय, जपून वाचा)

पाणकणीस

नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय. आम्ही इंग्लंडात लेस्टरला असतो, लेक इयर टेनमध्ये आहे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात जीसीएसई (इकडची शालान्त परीक्षा). इंग्लिशला जे. बी. प्रीस्टलीचं 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' लागलंय. वर्गात नाटक मोठ्याने वाचायचं ठरलं, टीचरने कामं वाटली आणि आमच्या बाईसाहेबांच्या वाट्याला आली एडना. एडना म्हणजे घरातली मोलकरीण. तोंड एवढं फुगवून घरी आली, म्हणे अख्ख्या नाटकात बोटावर मोजण्याइतकी वाक्यं आणि त्यातलं एक 'येस मॅम'. मी समजूत घालायला म्हणून पुस्तक हातात घेतलं ते रात्री साडेबाराला संपवूनच खाली ठेवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९१२ सालचा वसंत, ब्रमली नावाचं कारखान्यांचं गाव (हे गाव काल्पनिक आहे). आर्थर बर्लिंग हा बडा कारखानदार, बायको सिबिल, मुलगी शीला, मुलगा एरिक. शीलाचं लग्न जेराल्ड क्रॉफ्टशी ठरलंय, तो आणखी बड्या कारखानदाराचा मुलगा. जेवणं झालीत, पोर्ट वाइन चाललीय, बर्लिंगसाहेब पोरांना उपदेश करताहेत की माणसाने आपलं बघावं, आपल्या घरच्यांचं बघावं, बाकीच्यांची उठाठेव करू नये, आणि नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजते. इन्स्पेक्टर गूल. इव्हा स्मिथ नावाच्या मुलीने जंतुनाशक पिऊन जीव दिलाय. मग एकेक करत कळतं की बापाने तिला पगारवाढ मागितली म्हणून काढलं, शीलाने दुकानातून हाकलायला लावलं, जेराल्डने ठेवली आणि सोडली, एरिकपासून ती गरोदर राहिली, आणि शेवटी मदत मागायला ज्या बायकांच्या धर्मादाय कमिटीकडे गेली तिथे खुर्चीत बसल्या होत्या मिसेस बर्लिंग. त्यांनी नाही म्हणायला लावलं. इन्स्पेक्टर निघून गेल्यावर कळतं की असा कुणी इन्स्पेक्टरच नाही, दवाखान्यात फोन केला तर तसं कुणी मेलेलंही नाही, सगळे हुश्श करतात, आणि पुन्हा फोन वाजतो. एक मुलगी दवाखान्यात नेताना आत्ताच गेली, आणि चौकशीला इन्स्पेक्टर निघालाय. पडदा.

माझा प्रश्न असा की लेक म्हणते इव्हा ही एकच मुलगी होती कशावरून? आणि मला उत्तर देता आलं नाही.

तिसरी_घंटा

मस्त धागा. लेकीला सांगा रुसू नकोस, नाटकाचं नाव तुझ्या तोंडी आहे! 'प्लीज सर, अ‍ॅन इन्स्पेक्टर्स कॉल्ड' हे वाक्य एडनाचंच. दार उघडते ती, त्याला आत घेते ती.

तिचा प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे. गूल फोटो दाखवतो तेव्हा नीट बघा, एका वेळी एकालाच दाखवतो. जेराल्ड पुढे होऊन बघायला जातो तर त्याला अडवतो, म्हणे माझी कामाची पद्धत अशी आहे, एका वेळी एक माणूस. म्हणजे दोघांनी एकच फोटो पाहिलाय याला पुरावा शून्य. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या हे डोक्यातही येत नाही कारण आपण बर्लिंगचा चेहरा बघत असतो. निव्वळ हातातल्या एका वस्तूवर अख्खं नाटक उभं केलंय.

आम्ही कॉलेजात असताना याचा पहिला अंक बसवला होता (स्पर्धेत पडलो, ते सोडा). तेव्हा लक्षात आलं की प्रीस्टलीने प्रकाशयोजनासुद्धा लिहून दिलीय, इन्स्पेक्टर यायच्या आधी उजेड गुलाबी, उबदार, आणि तो आला की जास्त लख्ख आणि कडक. आमच्याकडे दोनच स्पॉट होते त्यामुळे इन्स्पेक्टरच्या एंट्रीला एक पोरगा विंगेतून जिलेटिनचा कागद ओढून काढायचा, एकदा तो अर्धाच निघाला आणि बर्लिंग गुलाबी आणि इन्स्पेक्टर पांढरा असा पाच मिनिटं प्रयोग चालला. परीक्षकांना वाटलं मुद्दाम केलंय.

सरळसोट

नाटक वाचलंय, लंडनला पाहिलंयही. माफ करा पण मला हे प्रचारकी वाटतं. सगळे भांडवलवाले एकजात वाईट, आणि एकाच घरातल्या पाच माणसांनी एकाच मुलीचं वाटोळं करायचं, तेही एकमेकांच्या नकळत, दीड वर्षात? इतके योगायोग तर आपल्या सिरियलवालेही घालत नाहीत. आणि शेवटी तो गूल भाषण ठोकतो की आपण सगळे एकाच शरीराचे अवयव, शिकला नाहीत तर आग रक्त आणि यातना. कळलं, पोचलं. प्रेक्षक काय दुधखुळे आहेत? पहिला प्रयोग १९४५ ला मॉस्कोत झाला, यातच काय ते आलं.

डबलडेकर

@सरळसोट मॉस्कोचं तुम्ही समजताय तसं नाहीये हो. लिहून झालं तेव्हा लंडनमध्ये थिएटर रिकामं मिळेना, युद्ध नुकतं संपत होतं. लंडनला ऑक्टोबर १९४६ मध्ये ओल्ड विक कंपनीने केलं, राल्फ रिचर्डसन इन्स्पेक्टर आणि एरिक कोण तर अ‍ॅलेक गिनेस. पण हो, माणूस समाजवादी विचारांचा होता हे खरंच आहे. ब्रॅडफर्डचा, पहिल्या महायुद्धात खंदकात राहून जखमी होऊन आलेला, दुसऱ्या युद्धात १९४० साली रेडिओवर त्याची भाषणं लोक कान लावून ऐकायचे.

पाणकणीस, मी इकडे जीसीएसईच्या ट्यूशन घेते म्हणून परीक्षेपुरतं सांगते. तारखांचा खेळ नीट समजावून द्या, ते आलं की निम्मं नाटक आलं. नाटक घडतं १९१२ ला आणि लिहिलंय १९४४-४५ च्या हिवाळ्यात. त्यामुळे बर्लिंग जेव्हा छाती काढून म्हणतो की टायटॅनिक बुडूच शकत नाही, युद्ध होणार नाही, १९४० पर्यंत सगळीकडे सुबत्ता असेल, तेव्हा समोर बसलेला प्रेक्षक दोन युद्धं भोगून आलेला असतो. टायटॅनिक पुढच्या आठवड्यात निघणार असं तो म्हणतो आणि ती निघाली १० एप्रिलला, पंधराच्या पहाटे बुडाली. म्हणजे बर्लिंगच्या शहाणपणाची मुदत जेमतेम दोन आठवडे.

दुसरं, इव्हाकडे १९१२ मध्ये काय पर्याय होते ते बघायला सांगा. नॅशनल इन्शुरन्सचा (आजारपणात, बेकारीत मदत देणारा) कायदा १९११ ला झाला खरा पण पगारातून कपात सुरू व्हायलाच १९१२ चा जुलै उजाडला. त्याआधी काम गेलेल्या, लग्न न झालेल्या, गरोदर पोरीला एकतर वर्कहाऊस (निराधारांना ठेवून राबवून घ्यायची जागा) नाहीतर मिसेस बर्लिंगसारख्या बायकांची मर्जी. मर्जी हा शब्द महत्त्वाचा. मदत हक्काने मिळत नव्हती, समोरचीला तुमचं तोंड पसंत पडलं तर मिळायची. इव्हाने कमिटीपुढे आपलं नाव 'मिसेस बर्लिंग' सांगितलं एवढ्यावर बाईंचं डोकं फिरलं. १९४५ च्या जुलैत लेबर पक्ष दणक्यात निवडून आला, ते लोक हीच मर्जीची पद्धत मोडायला बघत होते.

आणि परीक्षेत पुस्तक मिळत नाही, त्यामुळे छोटी छोटी वाक्यं पाठ करून घ्या. लांब अवतरणं घोकू नका, वाया जातात.

आकडेमोड

एक बारकी गंमत. इव्हाला आठवड्याला साडेबावीस शिलिंग होते, मागणी होती पंचवीसची. बर्लिंग म्हणतो एवढं दिलं असतं तर मजुरीचा खर्च सुमारे बारा टक्क्यांनी वाढला असता. मी भागाकार केला, साडेबावीसवर अडीच म्हणजे अकरा पूर्णांक एक. बारा नाही. मालक लोक वर ढकलतात ते तेव्हापासून (हलके घ्या).

पण खरी गंमत पुढे आहे. एरिक बापाच्या ऑफिसातून पैसे ढापतो ते किती, तर पन्नास पौंड. तेव्हा पौंडाला वीस शिलिंग, म्हणजे एक हजार शिलिंग. इव्हाची नाकारलेली वाढ आठवड्याला अडीच शिलिंग. हजार भागिले अडीच, चारशे आठवडे. म्हणजे मुलाने जे गुपचूप उचललं आणि बापाच्या लक्षातही आलं नाही तेवढ्यात त्या एका पोरीची साडेसात वर्षांहून जास्त काळाची वाढ भागली असती.

पाणकणीस

अगं बाई. हे तर कुठल्याच गाईडमध्ये नाहीये. लेकीला लगेच वाचून दाखवलं, ती म्हणाली हे लिहिलं तर टीचर मार्क देईल की मॅथ्सला पाठवेल.

खिळेमोळे

नाटक पाहिलं नाही पण या धाग्यामुळे काल यूट्यूबवर बीबीसीचं बघितलं (डेव्हिड थ्यूलिस आहे ते, दीड तासाचं). आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, बावीस माणसं. आणि बर्लिंग जे पगाराबद्दल बोलला त्यातलं निम्मं मी स्वतः बोललोय, जवळपास त्याच शब्दात. आजूबाजूला हाच रेट चाललाय, परवडत नसेल तर दुसरीकडे बघा. आकडेमोडसाहेब तुमचे पन्नास पौंड एका पोरीला पुरतात, पण वाढ एकीला देता येत नाही हो, दिली की सगळ्यांना द्यावी लागते, आणि ऑर्डर देणारी कंपनी मात्र दरवर्षी आपल्याकडून रेट कमी करून मागते. त्यामुळे वाढ नाकारली म्हणून मी त्याला फाशी देणार नाही.

पण तो पुढे जे करतो ते मला टोचलं. संप फसतो, पोरींकडचे पैसे संपतात, सगळ्या गुमान परत येतात जुन्याच पगारावर. तो सगळ्यांना परत घेतो, फक्त पुढाकार घेणाऱ्या चारपाच जणी सोडून. म्हणजे तेव्हा प्रश्न पैशाचा उरलेलाच नव्हता, तो जिंकला होता. तरी काढलं. आणि इव्हा तर कामाला इतकी चांगली की तिला वरच्या जागेवर घेणार होते असं तोच सांगतो! हे मला कळलं कारण मीही केलंय. एक टर्नर होता, हात सोन्याचा, पण दर महिन्याला काहीतरी काढायचा, हेल्मेट नाही, ओव्हरटाईमचा हिशोब चुकलाय. हिशोब खरंच चुकलेला असायचा. काम कमी आहे म्हणून सांगून काढला त्याला, आणि दोन महिन्यांत त्याच मशीनवर दुसरा घेतला. आता कुठे आहे माहीत नाही. बघताना वाटलं आत्ता बेल वाजली तर.

असो. शिव्या सुरू करा.

माजघर

@खिळेमोळे शिव्या नाही काका, तुम्ही निदान लिहिलंत तरी.

मला जेराल्डवर बोलायचंय, कुणीच बोलत नाहीये. सगळे बर्लिंगला झोडतात आणि जेराल्डला 'त्यातल्या त्यात बरा' म्हणून सोडून देतात. इव्हाला बारमधून त्या लंपट मेगार्टीच्या तावडीतून सोडवलं, जेवू घातलं, मित्राच्या रिकाम्या खोल्यांत ठेवलं, पैसे दिले. आणि मित्र कॅनडाहून परत यायची वेळ झाली तेव्हा सोडलं. म्हणजे खोली होती तोवर मुलगी होती! पण ते एकवेळ चालेल, तिने दोष दिला नाही असं तोच सांगतो. माझी तिडीक जाते ती शेवटी. इन्स्पेक्टर खोटा निघतो हे शोधून आणणारा हाच, आणि ते कळल्यावर पाच मिनिटांत शीलापुढे अंगठी धरतो, सगळं ठीक झालंय आता, घालतेस ना? माणूस मेलं नाही म्हणजे काही घडलंच नाही. मी पुस्तक फेकणार होते. शीला 'आत्ता नको' म्हणते तिथे मला हायसं वाटलं. पक्कं नाही म्हणत नाही ती, विचार करायला हवा म्हणते, आणि तेच खरं वाटतं, १९१२ ची विशी ओलांडलेली मुलगी, घरच्यांना स्थळ सोन्यासारखं वाटतंय, फाडकन नाही कसं म्हणेल.

सरळसोट

माझा योगायोगाचा मुद्दा तसाच राहिलाय पण.

तिसरी_घंटा

राहिला नाही, तो लेकीच्या प्रश्नातच सुटलाय. एकच मुलगी धरली तर योगायोग अती होतो, मान्य. पण पाच वेगळ्या धरा. एका मालकाने एका कामगार पोरीला काढलं, एका श्रीमंत गिऱ्हाइकाने एका सेल्सगर्लची तक्रार केली कारण ड्रेस हिला शोभेना आणि तिला शोभत होता, एकाने एक ठेवली, एकाने दारू पिऊन जबरदस्ती केली, एकीने एकीला दारातून परत पाठवलं. यात योगायोग कुठे उरला? हे तर रोज चालू होतं. योगायोग घालवलात की गोष्ट जास्त खरी होते आणि जास्त वाईटही. बर्लिंग मंडळी मात्र उलटा हिशोब करतात, की पाच वेगळ्या असतील तर आपण सुटलो. शीला आणि एरिक एवढंच म्हणतात की अहो पण आपण जे केलं ते तर केलंच ना.

सरळसोट

हं. हे असं बघितलं नव्हतं. भाषण तरीही लांब आहे.

रसगुल्ला_पुणेकर

अवांतर : कोलकात्याला नोकरीला होतो तेव्हा घरमालकांकडे 'थाना थेके आश्छी' हा जुना बंगाली सिनेमा पाहिला होता, १९६५ चा, उत्तमकुमार इन्स्पेक्टर. अर्ध्यात गेल्यावर कळलं की ही तीच गोष्ट. बंगाली भद्रलोकांच्या दिवाणखान्यात इतकी चपखल बसलीय की मूळ इंग्लिश आहे हे सांगूनही मालकीणबाईंना पटेना. त्यांच्या घरी तेव्हा मोलकरीण जमिनीवर बसून सिनेमा बघत होती आणि आम्ही सोफ्यावर, हे आत्ता लिहिताना आठवलं.

डबलडेकर

@तिसरी_घंटा, मी स्टीफन डॉल्ड्रीचा प्रयोग पाहिलाय, १९९२ ला नॅशनल थिएटरने काढला तो, अजून अधूनमधून दौऱ्यावर येतो. तुम्हाला नेपथ्य आवडेल. बर्लिंगांचं घर खांबांवर उचललेलं, बाहुल्यांच्या घराएवढं अवघडलेलं, आत माणसं दाटीवाटीने आणि खाली ओला रस्ता, पाऊस. इन्स्पेक्टर खाली रस्त्यावर उभा. एकेकाला त्या घरातून खाली उतरून यावं लागतं. आणि शेवटाकडे ते घरच कलतं, कपबशा खळाखळा खाली. बाजूला शाळेची पोरं बसली होती, वेफर खाणं थांबलं त्यांचं.

गूल या नावाबद्दल, इंग्लिशमध्ये पिशाच्चाला जो शब्द आहे त्याचा उच्चार असाच आहे हे मुलं हमखास लिहितात. लिहावं, पण तिथेच थांबू नये. तो भूत आहे की देव की उद्याचा पोलीस, प्रीस्टलीने मुद्दाम उघडं ठेवलंय. मला स्वतःला त्याचं एक छोटं वाक्य सगळ्यात आवडतं. बर्लिंग दम देतो की तुमचे चीफ कॉन्स्टेबल माझे मित्र आहेत, आम्ही एकत्र गोल्फ खेळतो. हा शांतपणे म्हणतो मी गोल्फ खेळत नाही.

खिळेमोळे

हाहा, ते ऐकून मी मोठ्याने हसलो. आपल्याकडे 'साहेब आपलेच आहेत' म्हणतात तेच.

एक विचारू का पाणकणीस ताई, ती एडना, तिला पगार किती असतो ते कुठे येतं का नाटकात?

पाणकणीस

नाही काका, येत नाही. इव्हाचे शिलिंग पेन्सपर्यंत कळतात, एडनाचं काहीच कळत नाही. आडनावसुद्धा नाही. इन्स्पेक्टर तिला एक प्रश्न विचारत नाही. आधी मला वाटलं ही लेखकाचीच चूक, गरिबांवर नाटक लिहायचं आणि घरातल्या गरिबाला बोलू द्यायचं नाही. लेकीचं म्हणणं वेगळं पडलं, ती म्हणाली तिला विचारायचं कशाला, तिने काही केलेलं नाही ना.

वाचन काल झालं. हिने घरून पांढरा एप्रन नेला होता, माझाच, त्यावर हळदीचा डाग. घंटेनंतर आत येऊन वाक्य बोलली आणि टीचर म्हणाली आता बसलीस तरी चालेल, पुढे बराच वेळ काम नाही. ही बसली नाही. दाराजवळ उभी राहिली, पुढच्या तासाला उरलेलं वाचलं तेव्हाही. शीला झालेली मुलगी नंतर हिला म्हणाली तू तिथे उभी होतीस ना, मला ते जेराल्डचं सगळं वाचायला कसंतरीच झालं.

घरी आल्यावर विचारते, मम्मा, मिसेस बर्लिंग रात्री उशिरा म्हणते ना की चहा करायला मी एडनाला जागं राहायला सांगितलंय, मग तो चहा शेवटी होतो का? मी म्हटलं होत असेल. म्हणाली बघ. बसून पडद्यापर्यंत पानं चाळली. व्हिस्की निघते, बर्लिंग हसतो, फोन येतो. चहा कुणी मागितलेलाच नाही.